छोट्या विमानात लघवीची अडचण : या चुका टाळा

बेळगावजवळच्या सांबरा विमानतळावर विमान शिकायला येणारी मुलं वारा बघतात, ढग बघतात, इंधन दोनदा मोजतात. पण सेसना १७२ या छोट्या शिकाऊ विमानाच्या टाक्यांत चार तासांहून जास्त पुरेल एवढं इंधन मावतं आणि आत टॉयलेट नाही, याचा विचार कुणी करत नाही.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पाणीच बंद करणं. व्यावसायिक परवान्यासाठी ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची मोठी फेरी करावी लागते. तिच्या तयारीसाठी एप्रिलच्या उन्हात खानापूरकडच्या एका हुशार मुलाबरोबर निघालो होतो. पठ्ठ्यानं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, नुसता चहा ढोसला होता. परतीच्या वाटेवर कंट्रोल टॉवरनं रेडिओवर दिलेली उंची त्यानं परत सांगताना दोनदा चुकवली. एरवी असली चूक तो कधीच करत नाही. ओठ सुकलेले, डोकं ठणकत होतं. विचारलं तर म्हणाला, "सर, वर लागली असती तर?" अरे, लागली तर लघवीची पिशवी आहे! शरीरातलं पाणी कमी झालं की आधी लक्ष उडतं, आणि ते आपलं आपल्याला कळत नाही. मी आदल्या रात्री भरपूर पाणी पितो, चहा एकच आणि तोही लवकर. वर गेल्यावर थोडं थोडं घोट घेत राहतो. इंजिन सुरू करण्याआधी लागलेली नसली तरी जाऊन येतो.

ही पिशवी, म्हणजे आत लघवी शोषून घेणारी जेल पावडर असलेली, मागच्या सीटवरच्या बॅगेत ठेवून काय उपयोग? हाताशी ठेवा. आणि घरी खुर्चीत बसून एकदा वापरून बघा, पहिला प्रयोग आकाशात नको. मुलींना तर हे कुणी सांगतच नाही, याचा मला राग येतो. त्यांच्यासाठी वेगळ्या तोंडाची पिशवी मिळते. घट्ट जीन्स घालू नका. शेजारी कुणी असेल तर आधी कंट्रोल त्याच्याकडे द्या. एकटे असाल आणि जमणार नसेल, तर जवळच्या विमानतळावर उतरा. कळ दाबून घाईनं केलेलं लँडिंग मला मान्य नाही.

हुबळी किंवा कोल्हापूरला उतरलात की "लगेच निघू" म्हणू नका, आधी टॉयलेट.

आदल्या रात्री पावट्याची उसळ नको. वर हवेचा दाब कमी, पोटातला वायू फुगतो.

दर हजार फुटांमागे तापमान साधारण २ अंशांनी उतरतं आणि गारठ्यात लघवी जास्त होते. जॅकेट घ्या.

वापरलेली पिशवी उतरताना स्वतः न्या, सीटखाली सोडू नका.