कवळी करायचीय? माप देण्यापासून रात्री पाण्यात ठेवण्यापर्यंत सगळं

कवळी म्हणजे माप द्यायचं आणि आठवड्याभरात दात घेऊन यायचं असं बऱ्याच जणांना वाटतं, मग पहिल्या चार दिवसांत कुठेतरी टोचलं की ती जी डबीत जाते ती परत बाहेर येतच नाही. खरं तर अर्धं काम डॉक्टरचं असतं आणि उरलेलं अर्धं आपण किती वेळा परत जाऊन ती नीट करून घेतो त्याचं. म्हणून सुरुवातीलाच विचारून टाका, कवळी दिल्यानंतरच्या व्हिजिट फीमधे धरल्यात का.

आधी कुठली ते ठरवा

काही दात शिल्लक असतील तर पार्शल कवळी, एकही नसेल तर पूर्ण. पार्शलमधे अ‍ॅक्रिलिकची (म्हणजे कडक प्लास्टिकची) असते, धातूच्या सांगाड्याची असते (ही पातळ आणि मजबूत) आणि नायलॉनची फ्लेक्झिबल पण असते. शिल्लक दात धड असतील तर ते काढायची घाई करू नका, दोन चांगले दात पण कवळीला खूप आधार देतात.

दात काढल्यावर हिरड्या भरून यायला साधारण दोन-तीन महिने जातात आणि खालचं हाड पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त झिजतं. तेवढे दिवस बोळक्या तोंडाने राहायचं नसेल तर दात काढले त्याच दिवशी बसवतात ती इमिजिएट कवळी मिळते, पण हाड झिजत गेलं की ती काही महिन्यांत सैल होणार आणि आतून परत भरून घ्यावी लागणार हे धरूनच चाला. आणि ही पहिले २४ तास काढायची नसते, नाहीतर सूज येऊन परत बसत नाही.

माप आणि ट्रायल

पूर्ण कवळीला साधारण चार-पाच फेऱ्या होतात. पहिलं माप, मग त्यावरून बनवलेल्या ट्रेने (मापाचा मसाला भरून तोंडात धरायचा साचा) बारीक माप, मग मेणाच्या कडा तोंडात ठेवून वरचा-खालचा जबडा कसा मिटतो त्याची नोंद, मग ट्रायल आणि शेवटी तयार कवळी. माप घेताना उलटी आल्यासारखं होत असेल तर आधीच सांगा, डोकं थोडं पुढे झुकवून नाकाने श्वास घेतला की बरंच निभावतं.

ट्रायलच्या दिवशी मात्र भिडस्तपणा अजिबात नको. दात तेव्हा मेणात लावलेले असतात, म्हणजे रंग, लांबी, रेषा सगळं बदलता येतं, एकदा अ‍ॅक्रिलिकमधे पक्कं झालं की मग कुरकुर करून फार उपयोग नाही. आरसा घेऊन खिडकीपाशी जा, उजेडात बघा, हसून बघा, घरचं कोणीतरी स्पष्ट बोलणारं सोबत न्या. साठपासून सत्तरपर्यंतचे आकडे मोठ्याने म्हणा, शिट्टी वाजल्यासारखा आवाज आला किंवा दात एकमेकांवर खटखटले तर लगेच सांगा. जुना फोटो असेल तर तो पण न्या. एकदम पांढरेशुभ्र आणि एका रांगेतले दात मागू नका असं माझं मत, लांबूनच कवळी आहे हे कळतं.

पहिला महिना

तोंड भरल्यासारखं वाटतं, लाळ सुटते, बोलणं बोबडं होतं, हे सगळं नॉर्मल आहे आणि थोड्या दिवसांत कमी होतं. घरी मोठ्याने पेपर वाचा. खायला मऊ गोष्टींपासून सुरुवात करा, छोटे घास, दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं आणि पुढच्या दातांनी लचका तोडायचा नाही कारण मागून कवळी उचलली जाते. गरम पिताना जरा जपून, टाळू झाकलेली असल्यामुळे चटका उशिरा कळतो.

टोचत असेल तर कानस, ब्लेड, पॉलिशपेपर घरी काहीही लावायचं नाही. आणि इथे एक गोष्ट लोक उलटी करतात, दुखतं म्हणून कवळी चार दिवस काढून ठेवतात आणि तशीच खिशात घालून डॉक्टरकडे जातात, तोपर्यंत व्रण भरून गेलेला असतो आणि डॉक्टरला कुठे घासायचं ते कळत नाही. जायच्या आदल्या दिवसापासून जमेल तितकी घालून ठेवा म्हणजे खूण दिसते.

खालची कवळी

सगळ्यात जास्त तक्रारी हिच्याच. वरची टाळूला चिकटून बसते, लाळेचा पातळ थर तिला धरून ठेवतो, पण खालचीला टाळू नाही, जागा अरुंद आणि मधे जीभ सारखी हलणारी. ती वरच्यासारखी घट्ट बसेल ही अपेक्षाच सोडा. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना आतून हलकंच टेकवून ठेवायची सवय करा, जीभ मागे ओढली की कवळी उचलते. हाड फारच झिजलं असेल तर पुढे हाडात दोन इम्प्लांट (स्क्रूसारखे खुंट) बसवून त्यावर कवळी अडकवता येते, २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या बैठकीत तर पूर्ण दात गेलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं मांडलं गेलं होतं. खर्च वाढतो पण खालच्या कवळीने वैतागलेल्यांनी एकदा विचारून तरी बघावं.

घालायची, काढायची, धुवायची कशी

ओली करून घाला, बोटांनी दाबून बसवा, चावून बसवायची नाही, मोडते. निघत नसेल तर तोंडात थोडं पाणी घेऊन गाल फुगवा, हवा आत शिरली की सुटते.

धुताना बेसिनमधे पाणी भरा किंवा खाली टॉवेल टाका, कारण साबणाने निसटून पडली की तुकडे. मऊ ब्रश आणि साधा लिक्विड साबण पुरे. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण साठते, उकळतं पाणी घातलं तर आकार बिघडतो. धातू असेल तर ब्लीच नको. सफाईच्या गोळ्या फक्त पाण्यात, तोंडात कधीच नाही, आणि नंतर कवळी खळखळून धुवायची. हिरड्या, टाळू, जीभ पण मऊ ब्रशने रोज साफ करायची, दात नाहीत म्हणजे सुट्टी नाही.

रात्री काढून पाण्यात ठेवा. सतत घातली की टाळू लाल होतो, बुरशी लागते. जपानमधे ८५ च्या पुढच्या ५२४ ज्येष्ठांवरच्या अभ्यासात (२०१५) कवळी घालून झोपणाऱ्यांमधे न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त दिसलं होतं. टिशूमधे गुंडाळून मात्र कधी ठेवू नका, कचऱ्यात जाते. कुत्रा असेल तर उंचावर ठेवा, त्यांना चावायला जाम आवडते.

सैल झाली तर

चिकटवायची क्रीम थोडीशीच, कोरड्या कवळीवर तीन-चार ठिपके, आणि जस्त नसलेली घ्या कारण जस्तवाली वर्षानुवर्षं भरपूर वापरल्याने नसांना इजा झालेली आहे. रोज जास्त क्रीम लागायला लागली म्हणजे कवळी आतून भरून घ्यायची वेळ आली. साधारण पाच ते आठ वर्षांत नवी करावी लागते. तुटली तर फेव्हिक्विक नको, सगळे तुकडे उचलून डॉक्टरकडे. तक्रार नसली तरी वर्षातून एकदा तोंड दाखवून या, आणि एखादा व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर कवळीमुळेच असेल म्हणून बसून राहू नका, लगेच दाखवा.