ट्रेडिंग फुकट शिकवायला बसताय? मग या चुका टाळा

सकाळचे सव्वानऊ वाजून दोन मिनिटं झालेली. चहाचा पहिला घोट अजून घशाखाली उतरलेला नाही आणि फोन सुरू: "सर, आज काय घ्यायचं?", "सर, एंट्री?", "अडकलोय सर, काढू का होल्ड करू?" चार वर्षं मी व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवर एक रुपया न घेता ट्रेडिंग शिकवतोय. या काळात दोनदा वैतागून ग्रुप बंद केला, दोनदा परत उघडला. लोकच तसे आहेत असं वाटायचं. नीट बघितलं तर निम्म्याहून अधिक डोकेदुखी मीच ओढवून घेतलेली होती.

ताजा चार्ट दाखवणं

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. सपोर्ट (पडणारा भाव जिथून वर फिरतो ती पातळी) समजावताना एका बुधवारी रात्री एका साखर कंपनीचा चालू चार्ट स्क्रीनवर ठेवला. "बघा, इथून तीनदा वर फिरलाय," एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी अकरा जणांनी तो शेअर घेतला. शुक्रवारी सपोर्ट तुटला आणि शनिवारी मी 'टिपा देऊन लोकांना बुडवणारा' झालो. मी टिप दिली नव्हती हे खरं. पण ज्याला उद्या सकाळी पैसे लावायचे आहेत, त्याच्यासमोर आजचा भाव ठेवला तर तो टिपच ऐकणार.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जानेवारी 2025 च्या परिपत्रकात 'निव्वळ शिक्षण' कशाला म्हणायचं याची रेघ ओढली: शिकवताना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून कुठल्या शेअरबद्दल बोलायचं नाही. ते परिपत्रक मुळात ब्रोकरसारख्या नोंदणीकृत मंडळींनी कोणाशी संबंध ठेवावेत यासाठी होतं, आणि असे नियम बदलतात, त्यामुळे सुरू करण्याआधी सेबीच्या संकेतस्थळावर आजची स्थिती बघाच. माझ्यापुरता मी त्याहून कडक नियम केलाय. चार्ट किमान वर्षभर जुना, आणि कंपनीचं नाव, तारीख दोन्ही झाकलेलं. नाव झाकल्यावर "हा कुठला शेअर?" एवढंच विचारणारे दुसऱ्या आठवड्यापासून फिरकत नाहीत. बरंच आहे.

नुकसानीचे आकडे मागे ठेवणं

लोक घाबरून पळतील म्हणून मी सुरुवातीला हे आकडे सांगायचो नाही. आता पहिल्या दिवशी, पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (शेअरच्या किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर केलेले करार) उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात गेले. तोटा सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास, एकूण 1.8 लाख कोटींच्या वर. यावर ग्रुपात हमखास कोणीतरी लिहितो, "सर, मग उरलेल्या सात टक्क्यांत कसं यायचं ते शिकवा ना!" या वाक्यावर आता रागही येत नाही.

कँडलपासून सुरुवात करणं

हॅमर, डोजी, एन्गल्फिंग... चार्टवर भाव दाखवणाऱ्या कँडलचे हे आकार लोकांना फार आवडतात, आणि चार दिवसांत सगळे तज्ज्ञ होतात. मग खातं रिकामं झालं की विचारतात, "कँडल तर बरोबर होती, चुकलं कुठं?" चुकलेलं असतं ते शेअरच्या संख्येत. म्हणून पहिले दोन आठवडे चार्ट उघडूच देत नाही, वही-पेन घ्यायला लावतो. भांडवल दोन लाख. एका सौद्यात एक टक्का, म्हणजे 2,000 रुपये जाऊ द्यायची तयारी. शेअर 500 ला घेणार, 490 ला बाहेर पडणार, म्हणजे शेअरमागे धोका 10 रुपयांचा. 2,000 भागिले 10, म्हणजे 200 शेअर. स्टॉपलॉस, म्हणजे तोट्यात बाहेर पडायचा भाव, 480 वर नेला तर 100 च. गणित पाचवीतलं आहे, पण "मग माल निम्माच घ्यायचा?" हा प्रश्न पदवीधर विचारतात.

याच वेळी ऑर्डर कशी टाकायची तेही हाताने करून घ्या. एनएसई या शेअर बाजाराने ऑप्शन्समधली एसएल-एम ऑर्डर (स्टॉपलॉसचा भाव आला की मिळेल त्या भावाला सौदा करणारी) 2021 मध्ये बंद केली. तेव्हापासून एक तक्रार ठरलेली: "स्टॉपलॉस लावला होता, तरी लागला नाही!" स्क्रीनशॉट मागवला की ट्रिगर (जिथे ऑर्डर जागी होते) 100 आणि लिमिटही (ज्याखाली विकायचं नाही) 100 दिसते. भाव 101 वरून थेट 96 वर आला, ऑर्डर जागी झाली, पण 100 ला घेणारा कुणी नव्हता, म्हणून ती लटकली. विकताना लिमिट ट्रिगरच्या थोडी खाली ठेवायची, एवढी साधी गोष्ट. मी ती पहिल्या तीन बॅचना सांगायलाच विसरलो होतो.

दिवसभर हजर राहणं

फुकटचं ते पौष्टिक, त्यामुळे लोक रात्री साडेअकरालाही फोन करतात. मी उत्तरं देत गेलो, म्हणून सवय लागली. आता नऊ ते साडेतीन ग्रुपात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो. रात्री आठ ते नऊ प्रश्न. "हा शेअर कसा आहे?" या प्रश्नाला उत्तर नाही. कुठे घेतला, का घेतला, भांडवलाचा किती भाग आणि कुठे बाहेर पडणार, या चार ओळी लिहिल्या तरच बोलतो. चौथी ओळ लिहिताना बऱ्याच जणांना आपलं उत्तर आपणच सापडतं.

नफ्याचे स्क्रीनशॉटही बंद. तोट्याचा कोणी टाकत नाही, आणि एकाचे आठ हजार बघून दहा जण दुसऱ्या दिवशी क्वांटिटी वाढवतात. टाकायचाच असेल तर पूर्ण महिन्याचा हिशोब टाका, ब्रोकरेज आणि कर वजा करून.

नोट्स चोरीला जाणार, हे धरून चाला. माझ्याच नोट्सवर एकाने पाच हजारांचा कोर्स काढला. आयत्या बिळावर नागोबा. त्यामागे वेळ घालवला नाही.

तोतयांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. माझा फोटो आणि नाव लावून कोणीतरी सभासदांना 'सरांचा व्हीआयपी ग्रुप' म्हणून मेसेज केले आणि एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितलं. तेव्हापासून टेलिग्रामवर सभासदांची यादी लपवलेली आहे आणि वर पिन केलंय: मी कोणालाही आधी मेसेज करत नाही, पैसे मागत नाही. कोणी फसलंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायला लावा. तास गेला की पैसे पुढच्या खात्यांत पळालेले असतात.

बुडालेल्याला 'रिकव्हरी' सुचवणं

एकाने रात्री लिहिलं, आईचं सोनं गहाण टाकून ऑप्शन्समध्ये लावलेले पैसे गेले, आता एक तरी खात्रीचा ट्रेड द्या. पूर्वी अशा वेळी कीव येऊन मी 'हळूहळू निघेल' म्हणायचो. तेच चुकीचं होतं. अर्धे पैसे गेले की उरलेले दुप्पट व्हावे लागतात तेव्हा मूळ रक्कम येते, आणि ती घाई उरलेलंही घालवते. मी त्याला फोन केला. बाजाराचं काही बोललो नाही, जेवलास का विचारलं. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून घ्यायला लावला. मग ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा सेगमेंट (विभाग) कुठे बंद होतो ते फोनवरच दाखवलं.

आठ दिवसांनी मेसेज आला: "सेगमेंट बंद केला सर. आईला अजून सांगितलं नाही."