गोदाघाटावरची सावली आणि माझा चिखल

रविवारी सकाळी रामकुंडाजवळ बसून नारोशंकराचं देऊळ कागदावर जलरंगात रंगवायचो आणि दरवेळी सावलीचा नुसता चिखल व्हायचा. दगड काळा म्हणून मी सरळ काळा रंग फासायचो, वर अर्धवट ओलं असतानाच परत परत ब्रश फिरवायचो, हात गप्प बसेल तर शपथ. शेवटी काळी ट्यूब घरीच ठेवली. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून राखाडी केला, उन्हाकडे सिएना जास्त, सावलीत निळा जास्त, आणि एकदा लावला की वाळेपर्यंत हात लावायचा नाही. चकाकी गेली तरी बोटांची मागची बाजू टेकवून बघतो, कागद गार लागला म्हणजे आत ओल आहे. कागदही ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटनचा घेतला, खिशाला चाट बसते पण तेवढा फुगत नाही. पायऱ्यांवरचं ऊन म्हणजे कोरा सोडलेला कागदच. आता दगड तापल्यासारखा दिसतो, कबुतरं मात्र अजून बटाट्यासारखीच येतात.