स्क्रीन बंद असताना इंटरनेट कॉल वाजत नसेल तर
रावेर-यावलकडे केळीच्या बागेत बांधावर ठेवलेला फोन वाजत नाही आणि स्क्रीन उघडताच व्हॉट्सॲपचे मिस्ड कॉल एकदम दिसू लागतात, तेव्हा दोष टॉवरचाच असेल असे नाही. अँड्रॉइड ६ पासून (२०१५) आलेली ‘डोझ’ व्यवस्था बॅटरी वाचवण्यासाठी पडून असलेल्या फोनमधील ॲपचे नेटवर्क रोखून धरते.

सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीसाठी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावे, बॅकग्राउंड डेटा चालू ठेवावा आणि डेटा सेव्हर वापरत असल्यास ॲपला त्यातून सूट द्यावी. काही फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ची, म्हणजे ॲप आपोआप सुरू होण्याची, परवानगी वेगळी असते; तीही द्यावी. सेटिंग्जमधून ‘फोर्स स्टॉप’ (सक्तीने बंद) केलेले ॲप मात्र पुन्हा उघडेपर्यंत कॉल घेत नाही.

नंतर चार्जर काढून, फोन तासभर न हलवता ठेवून घरच्यांना कॉल करायला सांगावे. लगेच घेतलेली चाचणी फसवू शकते, कारण तेव्हा फोन ‘डोझ’मध्ये गेलेला नसतो.