लिफ्टमध्ये वजनकाटा नेऊन बघा, वजन आणि वस्तुमान यांतला फरक लगेच कळेल

घरात जुना स्प्रिंगचा, गोल डायलवाला वजनकाटा असेल तर तोच घ्या, डिजिटल नको कारण तो बहुतेक वेळा एकच आकडा पकडून ठेवतो. लिफ्ट रिकामी असेल तेव्हा जा, काटा सपाट ठेवून वर उभे राहा आणि लिफ्ट थांबलेली असतानाच आकडा बघून घ्या, समजा ६० आला. आता वरचा मजला दाबा. निघताना क्षणभर सुई ६० च्या पुढे जाते, मधे परत ६० वर येते आणि थांबताना खाली घसरते, बघायला जाम मजा येते! मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलंत तर मुलांनाही नीट दाखवता येईल.

वस्तुमान, म्हणजे शरीरात एकूण किती पदार्थ आहे ते, पूर्णवेळ ६० किलोच असतं, बदलतो तो फक्त काट्यावरचा दाब, म्हणजे काटा दाखवतो ते वजन. चंद्राची ओढ कमी, म्हणून हाच काटा तिथे साधारण १० दाखवेल.

मग भाजीवाल्याची तागडी लिफ्टमध्ये नेली तर? दोन्ही पारड्यांवर सारखाच फरक पडतो त्यामुळे ती जागची हलत नाही, आणि म्हणूनच मला तागडी जास्त आवडते, ती चंद्रावरही बरोबर किलोच मोजेल.