होडी ठरवून गरवायला शिकताना

गरवणं म्हणजे गळ टाकून मासे पकडणं. गरी (म्हणजे गळ), दोरी, रीळ यांचं पुराण सांगत नाही, ते तुम्हाला ठाऊक असेल. माझे पैसे कुठे बुडाले तेवढं ऐका.

गोव्यात शापोरा नदीत शिवोलीच्या बाजूला पहिली होडी ठरवली, ती 'मासा मिळणारच' या एका वाक्यावर. होडीवाल्याने गरीला जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, ओवलं आणि काठी स्वतःच धरून शेंड्याकडे बघत बसला. मी बिस्किटं खात होतो. एकदम त्याने मनगटाला हिसका दिला, वाकलेली काठी माझ्या हातात कोंबली आणि ओरडला, "ओड, ओड!" मी ओढलं. वीतभर तांबोशी! फोटो झाला, घरी माशाचं हुमण (आमटी) झालं. असा मी तीनदा गेलो.

चौथ्यांदा एकटाच खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या, बांधावर बसलो. खेकडा आमिष कुरतडतोय, गरी दगडात अडकलीय की मासा लागलाय, हाताला सगळं सारखंच. मासा तोंड लावतो ते ओळखून हिसका द्यायचा, विद्या काय ती एवढीच. नेमकी तीच मी पैसे मोजून दुसऱ्याकडून करवून घेत होतो. रीळ काय, विहिरीतून पोहरा ओढणाऱ्या कुणालाही फिरवता येतं. तेव्हा ठरवतानाच सांगा: काठी पहिल्यापासून माझ्या हातात, मासा सुटला तरी तक्रार नाही. होडीवाला तोंड वाकडं करेल. त्याचंही बरोबर आहे, रिकाम्या हाताने परतलेलं गिऱ्हाईक भांडतं. पण हे कबूल न करणाऱ्याकडे शिकायला जाऊ नका. फिरायला खुशाल जा.

शिकवणारा होडीवाला ओळखायची दुसरी खूण वेळेची. तारीख न विचारता "सकाळी सातला या" म्हणणारा तुम्हाला सहलीला नेतोय. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. जाणता माणूस आधी तिथी बघतो: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे संथ. पाणी धावू लागलं की बारीक मासळी वाहत येते आणि चोणक हा शिकारी मासा पुलाच्या खांबाआड दबा धरून असतो. ओहोटीला मानशीच्या, म्हणजे खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशीही हीच गंमत, पण मानशीतल्या मासळीचा लिलाव झालेला असतो. विचारल्याशिवाय तिथे गरी टाकाल तर शिव्या खाल.

लाइफ जॅकेट नसेल तर होडीतून उतरा, आगाऊ रक्कम गेली तरी. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. त्या दिवसांत कुणी खोल समुद्रात नेतो म्हणाला तर हात जोडा.

आणि महागडी काठी एवढ्यात घेऊ नका. माझं मत हट्टी वाटेल, पण धक्क्यावर हातदोरी घेऊन बसलेल्या एखाद्या काकांशेजारी चार संध्याकाळी काढल्या तर यूट्यूबच्या शंभर व्हिडिओंपेक्षा जास्त कळतं. दोरी उघड्या बोटावरून जाते ना, मासा थेट बोटालाच बोलतो. घाबरू नका, मलाही दीड महिना काही कळत नव्हतं.

स्वतः लावलेला माझा पहिला मासा शिंगाळा निघाला. आनंदाच्या भरात उघड्या हाताने धरला आणि काटा अंगठ्यात घुसला. सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास अंगठा बुडवून बसलो, तेव्हा कुठे ठणका उतरला. मासा काकांनी नेला.