डोंगर बदलला की स्कीइंगही बदलते

खानदेशातून स्कीइंग शिकायला निघणारे बहुधा आधी शुल्काची आणि लोकरीच्या कपड्यांची चौकशी करतात. ज्या उतारावर शिकायचे तो कसा आहे, हे क्वचितच कोणी विचारते. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असावा, कारण ज्या डोंगरावर शिकावे त्याचीच सवय पायांना जडते.

उत्तराखंडातील औलीचा मुख्य उतार रुंद आहे आणि तेथे बर्फ यंत्राने दाबून घेतात. दाबलेल्या बर्फात स्कीची कड पकड घेते, म्हणून वळताना बाहेरच्या स्कीवर भार टाकायला शिकवतात आणि तेथे ते अगदी योग्य असते.

गुलमर्गला गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या पाळण्याचा, दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या अंगावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेतो आणि तेथून खाली पसरलेला बहुतेक बर्फ पडला तसाच भुसभुशीत असतो. मला सर्वाधिक काळ अडवून धरले ते या बदलाने, म्हणून हे सविस्तर सांगतो. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या शेतात एकाच पायावर भार दिला की तो पाय रुततो, तसेच येथे होते: भार पडलेली स्की खोल जाते, दुसरी वरच राहते, दोघींच्या दिशा फाटतात आणि माणूस पडतो. अशा बर्फात दोन्ही स्कींवर जवळजवळ सारखा भार ठेवावा, पाय एकमेकांजवळ घ्यावेत, वळण सावकाश गोल करावे आणि थोडा वेग राहू द्यावा, कारण वेगामुळेच स्की वर तरंगते. मागे रेलण्याचा सल्ला देणाऱ्यांचे ऐकू नका. त्याने मांड्या लवकर थकतात आणि स्कीच्या टोकांवरचा ताबा जातो. जो प्रशिक्षक स्वतः पुढे जाऊन वळण दाखवतो आणि मग थांबून तुमचे वळण पाहतो, तोच निवडावा. चित्रफिती पाहून हे साधत नाही.

झाडीचा परिणाम वेगळा असतो. जपानमधील निसेकोला सैबेरियाचे थंड वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, हलका बर्फ भरपूर पडतो आणि लोक बर्चच्या झाडांमधून लहान वळणे घेत उतरतात. तेथे नजर खोडावर न ठेवता दोन खोडांमधल्या मोकळ्या जागेवर ठेवावी लागते. आल्प्समध्ये वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्या वर झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, वरच्या उघड्या उतारांवर मोठी, लांब वळणे घेता येतात, पण ढग उतरले की बर्फ आणि आकाश एकरंगी होऊन खाचखळगे दिसेनासे होतात. अशा दिवशी झाडीजवळ राहावे, कारण खोडांमुळे उताराचा अंदाज येतो.

नवशिक्यांनी अफरवटच्या वरच्या उतारावर जाऊच नये. हिमस्खलने मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि तेथे तसे उतार पुष्कळ आहेत. मात्र गुलमर्गलाच घाबरण्याचे कारण नाही. खालच्या कुरणातील सौम्य उतार शिकण्यासाठी चांगले आहेत. निघण्यापूर्वी तोरणमाळचा चढ-उतार पायी केल्यास, विशेषतः उतरताना, मांड्या तयार होतात. फेब्रुवारीत जाणे सोयीचे, आणि आरक्षण करण्यापूर्वी शिकवण्याचा उतार दाबलेला असतो की मोकळा, हे प्रशिक्षकालाच विचारून घ्यावे.